मासोळ्यांची शिदोरी

पडदा वर जातो.

मागे संत्र्याचं बन. डावीकडे नाल्याचा पाट, त्यात पाण्यापेक्षा दगड जास्त. उजवीकडे बाभळीला टेकवलेली सायकल. मधोमध तळं, आणि त्यावर वैशाखातल्या सकाळचा असा तिरपा, पिवळा उजेड, की कुठल्याही नाटक कंपनीच्या दिवेवाल्याने तो पाहून हात जोडावेत. तळ्याच्या काठाने मनकर्णाबाई प्रवेश करते. डोक्यावर पदर, एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात पळी. ती पळी थाळीवर आपटते. एक घंटा, दोन घंटा, तिसरी घंटा. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेला प्रेक्षक गप्प बसतात. इथले प्रेक्षक तिसऱ्या घंटेला नाचू लागतात. काठाशी पाणी उकळल्यासारखं होतं आणि रोहू, कतला, मृगळ अशी सगळी मंडळी तोंडं वर करून उभी राहतात.

सगळ्यांत मागून एक मोठ्या डोक्याचा कतला येतो. तो सगळ्यांच्या नंतर येतो आणि सगळ्यांच्या आधी खातो, म्हणून त्याचं नाव पाटील.

हे तळं तिगावच्या पुढचं, पंचायतीचं. ठेका बायकांच्या बचत गटाकडे आणि गटाची अध्यक्ष मनकर्णाबाई. माहेर रामाकोन्याचं, वय साठीच्या अलीकडचं, आणि आवाज असा, की तिचा नवरा रघुनाथराव याने मोबाइल घेतला तो गावात सगळ्यांत शेवटी. त्याला गरजच पडली नव्हती. तो बनाच्या पार टोकाला असला तरी 'जेवाले या' हे वाक्य त्याच्यापर्यंत स्पष्ट पोहोचायचं, आणि वाटेतल्या तीन शेतांतली माणसंही घड्याळ पाहायची. रघुनाथराव स्वतः मितभाषी. बायकोशी बोलताना दोन वाक्यांच्या पुढे जायचं नाही, हा त्याचा नेम. "लवकर हरल्यावर थकवा कमी येते," असं तो म्हणे.

मनकर्णाबाईचं आयुष्य तसं इकडच्या बायकांचं असतं तसंच गेलं. शेत आधी सासऱ्याचं, मग नवऱ्याचं. घर पुढे मुलांचं होणार. संत्र्याचा बहार तर देवाच्या बापाचंही ऐकत नाही. 'माझं' म्हणावं अशी पहिली वस्तू तिला पन्नाशी उलटल्यावर मिळाली, आणि तीही ओली. त्या तळ्यावर तिने जीव लावला. मासे पाळायचं शिक्षण तिने कुठे घेतलं नव्हतं. पोरं वाढवली तशीच मासोळ्या वाढवल्या, म्हणजे वेळेवर खायला घालायचं आणि अधूनमधून ओरडायचं.

आता खायला घालण्यावरून तिच्या माहेरचा एक नेम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर उभं आहे. तिच्या आईचा कायदा होता, की उंबऱ्याबाहेर जाणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही आणि रिकाम्या हाताने तर नाहीच. लेक सासरी निघाली, शिदोरी. भाऊ कोर्टाच्या तारखेला निघाला, शिदोरी. एकदा गोठ्यात शिरलेला बैलचोर गावकऱ्यांनी पकडला. पोलीस त्याला घेऊन निघाले, तेव्हा आईने त्याच्याही हातात भाकरी-ठेच्याचं फडकं दिलं आणि म्हणाली, "चोरी तुयी, भूक त काई तुयी चूक नाई." मनकर्णाबाई हे दृश्य पाहत दारात उभी होती, सात-आठ वर्षांची. काही संवाद माणूस एकदा ऐकतो आणि जन्मभर पाठ राहतात.

तर अशा या सुखी तळ्याच्या वरच्या अंगाला, नाल्याच्या काठावर, एक बंद पडलेलं गोदाम होतं. कुणा व्यापाऱ्याने कधीकाळी फवारणीची औषधं तिथे भरली, मग धंदा गुंडाळला आणि औषधं तशीच राहिली. पिंप गंजले, फुटले, फरशीवर विषाचे थर जमले. पांढुर्णा जिल्हा झाला, तसं कुणा साहेबाचं लक्ष तिकडे गेलं आणि गोदाम धुऊन निर्विष करायचा हुकूम निघाला. काम एका बाहेरच्या कंपनीला मिळालं. तिचा सुपरवायझर भूपेंद्र, पांढरा पोशाख घातलेली माणसं आणि निळे कॅन घेऊन हजर झाला. पोरगा गोड होता. हसून बोलायचा आणि सगळ्यांना काकू म्हणायचा.

मनकर्णाबाई त्याच दिवशी गोदामासमोर जाऊन उभी राहिली.

"काय हाय हे कॅनमंदी?"

"काकू, टेन्शनच नका घेऊ. हे लिक्विड जहराचं जहर उतरवते. फरशीवर मारलं, घासलं, पाण्यानं धुतलं, काम खतम."

"अन् धुतलेलं पानी कुठी जाते?"

"नाल्यात."

"अन् नाला?"

भूपेंद्रने नाला जात होता तिकडे पाहिलं. तिकडे ऊन पडलेलं तळं चमकत होतं.

"काकू, कंपनीचा कागद आहे. पाण्यातल्या जीवाले धोका नाही म्हणून लिहून आहे त्याच्यात."

"मासोयाईनं वाचला काय तो कागद?"

भूपेंद्र हसला आणि कॅन मोजू लागला. खरी पंचाईत मनकर्णाबाईच्या लक्षात आली होती. गोदाम धुतलं नाही, तर पावसाळ्यात फुटक्या छपरातून पाणी शिरणार आणि ते विष स्वतःच्या पायांनी तळ्यात येणार. धुतलं, तर धुण्याचं पाणी येणार. दोन्ही वाटा पाटलाच्या दारातच संपत होत्या. एवढंच पाहायचं होतं, की हे औषध माशाला सोसवतं का.

तिला पांढुर्ण्याच्या कॉलेजातली दिपाली मॅडम आठवली. प्राणिशास्त्र शिकवणारी ही तरुण बाई एकदा पोरांना घेऊन तळ्यावर आली होती. सोबतच्या सगळ्या वर्गाला मनकर्णाबाईने मुरमुऱ्याचा चिवडा खाऊ घातला होता, त्यामुळे ओळख पक्की होती. मॅडमने सगळं ऐकून घेतलं, भूपेंद्रकडून एक बाटली औषध मागवलं आणि प्रयोगशाळेत काचेच्या टाक्या मांडल्या.

"हे बघा मावशी," मॅडमने सांगितलं, "पहिल्या टाकीत औषध जास्त, दुसरीत निम्मं, तिसरीत त्याच्याही निम्मं, असं उतरत जायचं. प्रत्येकीत सारखे मासे. चार दिवस पाहायचं, कुठल्या टाकीतले जगतात. आणि ही शेवटची टाकी आहे ना, हिच्यात काहीच नाही. साधं पाणी."

"ते कायले?"

"ती आपली साक्षीदार. तिच्यातले मासे जगले तरच बाकीच्या टाक्यांचं खरं धरायचं. तेच मेले, तर दोष औषधाचा, पाण्याचा की आणखी कशाचा, काहीच सांगता येत नाही. अख्खी चाचणी बाद."

"हव."

"आणि खायला घालायचं नाही. छोट्या टाकीत अन्न सडतं, पाणी बिघडतं."

"चार दिवस उपाशी?"

"उपाशी. माशांना चालतं."

"मरनार, अन् वरून उपाशी."

"सगळे नाही मरणार, मावशी."

"कोन मरनार ते ठरलं नाई, मनून साऱ्याईले उपाशी ठेवता मंग."

मॅडमने यावर टाक्यांना चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली.

बोटाएवढी पिल्लं द्यायची होती मनकर्णाबाईच्याच तळ्यातली. ज्यांना रोज थाळी वाजवून जेवायला बोलावलं, त्यांतून कुणाला पाठवायचं हे तिला निवडता येईना. शेवटी तिने डोळे मिटून जाळं टाकलं आणि वर ओढल्यावर पाहिलं. आलेल्या मासोळ्या आधी कॉलेजच्या एका मोठ्या हौदात ठेवल्या, नव्या पाण्याची सवय व्हायला. मग त्यातल्या काही मॅडमने टाक्यांत सोडल्या; उरलेल्या हौदातच राहिल्या.

चाचणी सुरू झाली आणि मनकर्णाबाई स्टुलावर ठाण मांडून बसली. मॅडमने विरोध केला नाही. मासे तिचे, काळजी तिची, आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारं माणूस कुठल्याही प्रयोगाला बरंच असतं. मॅडम तासाला गेली. खोलीत पंखा, टाक्या आणि मनकर्णाबाई.

पहिल्या टाकीतली एक मासोळी वर येऊन तोंड उघडझाप करू लागली. विष चढत होतं म्हणून ते, हे मनकर्णाबाईला कळत होतं. पण तोंड उघडणारा जीव समोर आला, की तिचा हात मेंदूला विचारत नसे. पिशवीत फडकं होतं. फडक्यात कणकेच्या गोळ्या होत्या, तीळ घालून मळलेल्या. त्या तिने घरूनच का आणल्या होत्या, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. ती उठली. दाराकडे पाहिलं. दोन गोळ्या पहिल्या टाकीत सोडल्या, दोन दुसरीत, तशाच पुढच्यांत, आणि पंक्तीत भेद नको म्हणून साक्षीदारालाही तेवढंच वाढलं. हौदातल्यांना मात्र काही दिलं नाही. त्या कुठे जाणार नव्हत्या. त्यांना शिदोरी कशाला?

"जा बाप्पा," ती हळूच म्हणाली, "उपाशी नका जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गटातल्या छायाला सोबत घेऊन आली. शिपायाने खोली उघडून दिली आणि चहाला गेला. आत एक आंबूस वास होता. टाक्यांतलं पाणी ताकासारखं झालं होतं आणि मासे पोटं वर करून पडले होते. पहिल्या टाकीतले, दुसऱ्या टाकीतले, शेवटच्या टाकीतले, सगळे.

"बाई, हे त बेसच झालं," छाया म्हणाली. "औषध खराब निघालं. आता तो पोट्टा आपले कॅन घेऊन वापस जाते."

"साक्षीदारही मेला ना छाया."

"मंग?"

"मंग काई नाई. चाचनी बाद."

छायाची नजर खोलीत फिरली आणि हौदावर थांबली. हौदातल्या मासोळ्या मजेत पळत होत्या. छाया शिवणकाम करणारी बाई. फाटलं तिथे ठिगळ, हे तिला लगेच सुचतं.

"साक्षीदाराची टाकी धुऊन काढू. पानी नवं. ह्याच्यातल्या चार-सहा जित्या तिकडे सोडू. मॅडम याले टाइम हाय."

नाटकात अशा जागी संगीतवाला एकच सूर धरून ठेवतो. मनकर्णाबाईने जाळी उचलली. हौदात घातली. एक मासोळी जाळीत आली, चमकली. एवढी एक खेप टाकीपर्यंत नेली, की भूपेंद्र वापस, कॅन वापस, तळ्याला औषधाची भीती नाही. तिचा हात हवेत होता आणि जाळीतून पाणी ठिबकत होतं.

मग तिला साक्षीदाराच्या तळाशी, काचेलगत, कणकेची गोळी दिसली. फुगून लिंबाएवढी झालेली.

"नाई व छाया," ती म्हणाली. "औषध वापस जाईन, पन गोदाम त तिथंच राहीन. आषाढात कोनाले वापस पाठवशीन?" मग थोडं थांबून, "अन् फोडलेल्या साक्षीदारावर खटला जिकलो, त मले कसं समजन माया तयाचं खरं काय ते?"

जाळी उलटी झाली. मासोळी हौदात परतली.

मॅडम आली ती भूपेंद्रला घेऊनच. त्याला मुद्दाम बोलावलं होतं. त्याने टाक्या पाहिल्या, वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, साध्या पाण्यातलेही मेले की. म्हणजे लिक्विडचा काही दोष नाही. मासेच कमजोर."

मॅडम गोंधळून साक्षीदाराकडे पाहत होती. पाणी कुठून भरलं, टाकी कुणी धुतली, असं मनातल्या मनात उलटं जात होती.

"मॅडम," मनकर्णाबाई म्हणाली, "मी जेवू घातलं."

"काय?"

"कनकेच्या गोया. साऱ्याईले. तुमी नाई म्हटलं होतं, मले आठवन होती, तरी घातल्या. जानाऱ्याले उपाशी नाई पाठवत आमी."

मॅडमने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोठ्या नटीला माहीत असतं, की राग आला की आधी एखादी वस्तू हातात घ्यावी. भूपेंद्र मात्र खदखदून हसत होता.

"म्हणजे काकू, आमच्या लिक्विडनं नाही मारले, तुमच्या जेवणानं मारले."

"हव. आता पुन्ना करा."

"पुन्हा? काकू, सोमवारी काम सुरू करायचं आहे. माझी माणसं बसून आहेत. साहेब रोज फोन करून राहिला."

"जेवता कुठी तुमी?"

"डबा येतो पांढुर्ण्याहून."

"गरम येते?"

वैशाखातही डबा गार येऊ शकतो, हे भूपेंद्रच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"चार दिवस थांबा," मनकर्णाबाई म्हणाली. "चारी दिवस तुमचं अन् तुमच्या मानसाईचं जेवन माया घरी."

"मावशी," मॅडम मध्येच म्हणाली, आणि आता तिचा आवाज शांत होता, "हे फार चांगलं आहे. तुमचे हात तिकडे गुंतलेले राहू देत. या खोलीत चार दिवस तुम्हाला प्रवेश नाही. पाहायचं तर खिडकीतून."

आणि तसंच झालं. हौदातल्या काही मासोळ्यांवर दुसरी चाचणी सुरू झाली आणि मनकर्णाबाईच्या अंगणात रोज पंगत बसली. भरली वांगी झाली, पाटोडीचा रस्सा झाला, ज्वारीच्या भाकरी तर अशा निघत होत्या, की पांढऱ्या पोशाखातली माणसं पोशाखाचे बंद सैल करून बसत. मासोळ्या तिकडे उपाशी आहेत याचं सगळं दुःख ती इकडे वाढण्यात काढत होती. भूपेंद्रने पहिल्या दिवशी भिडेपोटी जेवण केलं, दुसऱ्या दिवशी चवीने, आणि तिसऱ्या दिवशी हात धुताना आपणहून विचारलं, "काकू, उद्या काय आहे?" साहेबाच्या फोनला तो गाडी बिघडल्याचं सांगत होता. रघुनाथराव ओसरीवर बसून हे ऐकायचा आणि गाडीच्या तब्येतीची चौकशी करायचा.

दुपारी मात्र भांडी आटोपली की मनकर्णाबाई बस धरून कॉलेज गाठी, खिडकीला नाक लावून उभी राही आणि शेवटच्या टाकीतल्या शेपट्या हलताहेत एवढं पाहून परत फिरे.

चौथ्या दिवशी सगळे जमले. या वेळी टाक्यांतलं पाणी आरशासारखं होतं, म्हणून सगळं उघड दिसत होतं. पहिल्या टाकीतले मासे पहिल्याच दिवशी गेले होते. दुसरीत निम्मे. तिसरीतले जिवंत होते, पण दारू प्यायल्यासारखे तिरके पोहत होते. त्याहून पातळ पाण्यातले ठीक. आणि साक्षीदार सगळे हजर, एकेक काचेला तोंड लावून बाहेर पाहणारा.

भूपेंद्रने वाकून त्या तिरक्या पोहणाऱ्यांकडे पाहिलं.

"कागदावर तर असं नव्हतं, मॅडम."

"कागद खोटा नाही. तो मोठ्या वाहत्या नदीच्या हिशेबाने लिहिला आहे. तिथे तुमचं औषध इतकं पातळ होतं, की माशाला कळतही नाही. आपल्या नाल्यात या दिवसांत पाणी आहे किती?"

"म्हणजे वापरायचं नाही?"

"वापरायचं. गोदाम धुवायलाच हवं. फक्त धुण्याचा एक थेंब नाल्यात जाता कामा नये."

"मग जाईल कुठे? साठवायले काही पाहिजे ना."

तेव्हा इतके दिवस प्रेक्षकांत बसलेलं एक पात्र उठून उभं राहिलं.

"तयात अंथराचं प्लास्टिक पडून हाय माया बनात," रघुनाथराव म्हणाला. "खड्डा मी खंदतो."

दोन वाक्यं, नेमाप्रमाणे. मनकर्णाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला खड्डा खणायला तिथूनच निघावंसं वाटलं.

गोदामाच्या मागे खड्डा झाला, प्लास्टिक अंथरलं गेलं, भिंतींना फेस लागला आणि फरशा घासल्या गेल्या. काळं-पिवळं पाणी खड्ड्यात साचलं आणि कंपनीच्या टँकरने ते, जिथे असलं पाणी न्यायची परवानगी असते तिथे, नेलं. मग साध्या पाण्याने पुन्हा धुतलं, पुन्हा साठवलं, पुन्हा नेलं. सगळ्यांत शेवटच्या धुण्याच्या पाण्याचा एक कॅन भरून भूपेंद्रने स्वतःच मॅडमकडे पोहोचवला. उद्या पाऊस त्या फरशीवर पडणार, तेव्हा त्यातून काय वाहून येईल, याचा तो नमुना होता. दोनच टाक्या मांडल्या, एकीत हे पाणी, दुसरीत साधं. हौदातल्या ज्या मासोळ्या कुठे जाणार नव्हत्या, त्यांतल्या उरलेल्यांचीही अशी पाळी आली. मनकर्णाबाईने खिडकीबाहेरचं आपलं ठिकाण पुन्हा धरलं. या वेळी तिच्याकडे फडकं होतं, पण गाठ तिने इतकी घट्ट मारली होती, की सोडायला दात लागले असते.

चार दिवसांनी मॅडमने दार उघडलं. दोन्ही टाक्यांत सगळे मासे सरळ पोहत होते.

"झालं, मावशी. या आत."

मनकर्णाबाई आत आली. हात लावायचा नाही अशा बेताने दोन्ही हात पाठीमागे धरून तिने आधी एक टाकी पाहिली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. छाया पदराने उगाच काच पुसत होती. भूपेंद्र दाराशी उभा राहून फोनवर सांगत होता, की गाडी दुरुस्त झाली.

"धुण्याच्या पाण्यातले मी इथेच ठेवते, आणखी काही दिवस नजरेखाली," मॅडम म्हणाली. "साक्षीदार तुमचे. न्या तळ्यावर."

भूपेंद्रने एक नवा कोरा कॅन आणला, औषधाचा स्पर्श न झालेला, आणि मनकर्णाबाईने तो तरीही तीनदा विसळून घेतला. साक्षीदार मंडळी त्यात उतरली. आता निघायचं, म्हणजे उंबरा ओलांडायचा. मॅडमची नजर तिच्या पिशवीतल्या फडक्यावर गेली आणि ती हसली.

"घाला आता. चाचणी संपली. मी काही म्हणणार नाही."

मनकर्णाबाईने फडकं काढलं. गाठीला हात लावला. छोट्या कॅनमध्ये गोल फिरणाऱ्या मासोळ्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग मॅडमकडे, आणि फडकं पुन्हा पिशवीत ठेवलं.

"राहू द्या मॅडम. रस्त्यानं पोट हलकंच बरं. घरी जाऊन पाटलासंग पंगत बसवतो."